पायवाटेचे देणे

स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी मायोर्का बेटावर सोयेर शहराजवळ बिनियाराइच नावाची लहानशी वाडी आहे. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक घळ चढत जाते आणि त्या घळीतून दगडी पायऱ्यांची वाट. वाटेच्या दोन्ही अंगांना, नजर पोचेल तिथपर्यंत, एकावर एक चढत गेलेल्या दगडी ताली, आणि प्रत्येक तालीमागे अडवलेल्या मातीत ऑलिव्हची झाडे. त्यांची खोडे शतकानुशतके पिळवटत गेल्यासारखी दिसतात. चालणारा थांबतो, घाम पुसतो आणि म्हणतो, काय निसर्ग आहे! माझा वाद याच वाक्याशी आहे.

निसर्गाने इथे दिले ते चुनखडीचे कडे, उभा उतार आणि शरद ऋतूत एकदम कोसळणारा पाऊस. बाकी जे डोळ्यांना भावते ते सगळे हातांनी केलेले आहे. माती वर चढवलेली आहे, पाणी वळवलेले आहे, दगड निवडून बसवलेला आहे. सेरा दे त्रामुन्ताना ही बेटाच्या वायव्य किनाऱ्याला धरून सुमारे ९० किलोमीटर पसरलेली रांग २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, ती ‘सांस्कृतिक भूदृश्य’ या वर्गात. शिखरे आणि पक्षी यांच्यासाठी नव्हे, तर माणसाने या डोंगराशी केलेल्या व्यवहारासाठी. वर्गवारी बरोबर आहे, पण तिच्यामुळे एक अवघड प्रश्न उभा राहतो. जे भूदृश्य कामातून घडले, ते काम थांबल्यावर कसे टिकवायचे?

आधी ही ताल काय करते ते पाहू. तिच्यात चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावासुद्धा नाही. कोकणात जांभ्याचे गडगे घालतात तशी ही कोरडी रचाई आहे, फक्त इथे तिच्या पाठीवर अख्ख्या शेताचे वजन असते. पायथ्याला मोठे दगड, भिंतीचा कल डोंगराकडे थोडा आत, दर्शनी दगड हातोडीने घडवून एकमेकांत गच्च बसवलेले, आणि त्यांच्या मागे बारीक दगडांची भर. या भरीतून आणि दगडांच्या फटींतून पाणी झिरपून बाहेर पडते, माती मात्र आत राहते. भिंत सिमेंटने लिंपली तर पाणी मागे तुंबते आणि एका मोठ्या पावसात सगळे पोट फुटते. डोंगराच्या काही भागांत वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मोजक्या महिन्यांत. अशा ठिकाणी भिंतीची पोकळी हीच तिची ताकद असते.

आणि तिची दुबळी बाजूही तीच. एक दगड निखळला की शेजारचा सैल होतो. खिंडार पडते, पुढच्या पावसात त्यातून माती वाहते, मातीबरोबर खालच्या तालीवर दगड येऊन आदळतात. शेतकरी जागेवर असेल तर तो हिवाळ्यात दोन दिवस काढून खिंडार बुजवतो. तो नसेल तर दहा वर्षांत अख्खा उतार घसरतो. त्यात डोंगरात मोकाट झालेल्या शेळ्या भिंतींवरून उड्या मारत दगड पाडतात, ते वेगळेच. म्हणून या भिंतींना मी वास्तू म्हणायला तयार नाही. वास्तू बांधून झाली की झाली. ताल कधीच बांधून होत नाही, ती सतत बांधत राहावी लागते.

हे कोणी केले? दहाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १२२९ पर्यंत बेटावर मुस्लिम सत्ता होती. त्या काळात आलेल्या शेतकऱ्यांनी झरे शोधले, भूमिगत बोगद्यांतून पाणी बाहेर काढले, पाटांनी ते हौदांत आणले आणि पाळीपाळीने वाटून घेतले. समुद्रावर कलंडलेल्या बन्यालबुफार गावाच्या उतरंडीच्या शेतांत त्या पाण्याच्या वाटपाचा वारसा आजही दिसतो. १२२९ मध्ये आरागॉनच्या पहिल्या जाउमे राजाने बेट जिंकले आणि जमीन सरदारांत, सरंजामांत वाटली गेली. पुढच्या शतकांत मोठमोठ्या जहागिरी उभ्या राहिल्या, त्यांच्या वाड्यांत तेलाच्या घाण्या आल्या आणि ऑलिव्हसाठी उतारामागून उतार तालींनी बांधला गेला. बांधणारे रोजंदारीवर होते. ऑलिव्ह वेचायला मैदानी गावांतून बायका येत, हंगामभर वाड्यावर राहत आणि थंडीत, ओल्या जमिनीवर वाकून एकेक फळ गोळा करत.

डोंगरात आणखीही माणसे होती. कोळसेवाले कुटुंबकबिल्यासह ओकच्या जंगलात महिनोन्‌महिने राहत. दगडाची गोल झोपडी, शेजारी भाकरीची भट्टी, आणि समोर गोल चौथऱ्यावर रचलेली लाकडाची रास, जी मातीने झाकून दिवसरात्र धुमसत ठेवायची आणि डोळ्यांत तेल घालून राखायची. चुना भाजणारे होते. उंच भागांत बर्फवाले होते. हिवाळ्यात पडलेले बर्फ ते दगडी खड्ड्यांत भरत, तुडवून घट्ट करत, थरांमध्ये डोंगरी गवत घालत आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून पाल्मा शहरात पोचवत. शहरात ते औषधाला आणि सरबताला लागे. हा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. मासानेया आणि पुइग मायोर या उंच डोंगरांच्या अंगावर ते खड्डे अजून आहेत, काहींची भिंत शाबूत, काहींत झुडपे.

हे सगळे सांगायचे कारण असे की आज ज्यांना आपण ‘ट्रेल’ म्हणतो, त्या वाटा या कामांच्या वाटा आहेत. एखादी पायवाट सुंदर वळणे घेत हजार मीटर चढते आणि एका खड्ड्यापाशी संपते, तेव्हा चालणारा गोंधळतो. बर्फवाल्यासाठी ती बरोबर ठिकाणी संपलेली असते. दुसरी वाट जंगलात शेवाळलेल्या गोल चौथऱ्यापर्यंत नेते आणि विरते, कारण तिथे कोळसा होता. पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, त्या लादलेल्या खेचराच्या पावलाला मानवतील अशा. वाटेवर आडव्या बसवलेल्या दगडांच्या ओळी दिसतात. त्या फरसबंदीला जागच्या जागी धरतात आणि पाण्याला बाजूला काढून देतात. या डोंगरात नुसती पाहायला जायची वाट फार काळ नव्हतीच.

पाहण्यासाठी वाट बांधणारा आला तो १८६७ मध्ये. हॅब्सबर्ग घराण्यातला आर्चड्यूक लुडविग साल्वातोर, वय अवघे वीस. पुढे त्याने वायदेमोसा आणि देया यांच्यामधला किनारा तुकड्यातुकड्याने विकत घेतला, झाडे तोडायला बंदी केली, कड्यांवर सज्जे उभारले आणि डोंगराच्या धारेवरून समुद्र दिसत राहील अशी वाट काढली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. बालेआरिक बेटांवर त्याने लिहिलेला बहुखंडी ग्रंथ १८६९ ते १८९१ दरम्यान निघाला आणि त्यात शेतीच्या अवजारांपासून मासेमारीपर्यंत सगळ्याची नोंद आहे. मला या माणसाविषयी आदर आहे. वाटसरूंसाठी त्याने एक धर्मशाळा ठेवली होती. तिथे तीन दिवस फुकट राहता येई, चूल, मीठ, तेल आणि ऑलिव्ह मिळत, बाकीचा शिधा ज्याचा त्याने आणायचा. पण एक गोष्ट विसरून चालत नाही. डोंगराकडे देखावा म्हणून पाहणे त्याला परवडले, कारण डोंगर त्याच्या मालकीचा होता. त्याच्या आधी १८३८-३९ च्या हिवाळ्यात संगीतकार शोपाँ आणि लेखिका जॉर्ज सांद वायदेमोसाच्या मठात राहून गेले होते. सांदबाईंनी नंतर लिहिलेल्या पुस्तकात डोंगराचे कौतुक भरभरून आहे आणि डोंगरात राहणाऱ्या माणसांविषयी कडवटपणा तितकाच. डोंगर हवा, डोंगरातली माणसे नकोत, ही वृत्ती इतकी जुनी आहे.

काम थांबले ते मात्र देखाव्याच्या प्रेमामुळे नव्हे. १९५० नंतर घरोघर गॅसचे सिलिंडर पोचले आणि कोळसा गेला. स्वस्त तेलांपुढे उतारावरच्या ऑलिव्हचे गणित बसेना. त्याच सुमारास किनाऱ्यावर हॉटेले उभी राहू लागली आणि डोंगरातला तरुण तिकडे गेला. वेटरला महिन्याला जे मिळे ते ताल रचून मिळणार नव्हते. त्याला दोष देणारा मी कोण? पण त्यानंतर तालींवर अलेप्पो पाइन उगवले, गवत माजले आणि पूर्वी शेतांनी तुटलेले रान सलग झाले. जुलै २०१३ मध्ये आंद्राच भागात कोणीतरी निखारे निष्काळजीपणे टाकले. आग एस्तेयेंक्सपर्यंत पोचली आणि सुमारे २,३०० हेक्टर जळाले. बालेआरिक बेटांवर इतकी मोठी आग त्याआधी नोंदलेली नव्हती. झाडे जळून गेल्यावर काळ्या उतारांवर उघड्या पडल्या त्या विसरलेल्या ताली. पहिला पाऊस येण्याआधी त्या सावरल्या नाहीत तर मातीही जाणार, हे कळायला मग तज्ज्ञाची गरज उरली नाही.

मायोर्काचा हेवा करणारे बरेच जण म्हणतात की आता पायी चालणारा पर्यटक हा डोंगर वाचवील. किनाऱ्यावरच्या गर्दीपेक्षा तो शहाणा, शांत, ऑक्टोबर ते मे या काळात येणारा. खेड्यात राहतो, खेड्यात जेवतो. यात तथ्य आहे. बेट परिषदेने जुने वाडे दुरुस्त करून वाटसरूंसाठी निवारे केले, तोसाल्स वेर्ड्‌स हा त्यातलाच एक. आंद्राचपासून पोयेन्सापर्यंत ‘कोरड्या दगडाची वाट’ म्हणून जीआर २२१ हा मार्ग आखला. पर्यटनापोटी का होईना, दगड पुन्हा बोलण्यात आला.

पण पैसा कुठे जातो ते पाहिले पाहिजे. चालणारा खर्च करतो तो खोलीवर, जेवणावर, विमानावर आणि भाड्याच्या गाडीवर. ज्या गोष्टीसाठी तो आला, ती भिंत आणि ती वाट, तिला त्याच्या खिशातून थेट काहीच मिळत नाही. उलट त्याच्या प्रेमामुळे गावातल्या घरांच्या किमती चढतात. देया हे गाव १९२९ मध्ये रॉबर्ट ग्रेव्हज हा इंग्रज कवी येऊन राहिला तेव्हा गरीब आणि स्वस्त होते. तो तिथेच १९८५ मध्ये वारला आणि गावच्या चर्चच्या आवारात पुरला गेला. आज त्याच गावात घर घेणे गवंड्याच्या, शिक्षकाच्या, ऑलिव्ह छाटणाऱ्याच्या आवाक्यात नाही. फोर्नालुच या गावाची गल्लीही तशीच, कुंड्यांनी सजलेली, हिरव्या झडपांची. पण हिवाळ्याच्या संध्याकाळी त्या झडपांतून दिवे फार थोडे दिसतात. ताल दुरुस्त करणारा माणूस गावात राहूच शकत नसेल तर ती दुरुस्त कोण करणार? २०२३ मध्ये सुमारे नऊ लाख वस्तीच्या या बेटावर सव्वा कोटीच्या आसपास पाहुणे येऊन गेले. २०२४ च्या मे आणि जुलैमध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले, ते घरांसाठी. त्यांना परक्यांचा द्वेष वाटतो असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या मागण्या वाचलेल्या नाहीत.

मग पर्यटक नकोतच, जुने दिवस परत आणा, हे म्हणणेही मला पटत नाही. जुने दिवस कसे होते ते वर आलेच आहे. या उतारांवरचे सौंदर्य स्वस्त मजुरीतून आले. जमीन थोड्यांची, कष्ट पुष्कळांचे. सोयेरमधून एकोणिसाव्या शतकात संत्र्यांच्या बागांना रोग लागल्यावर माणसे फ्रान्समध्ये गेली, तिथे फळांची दुकाने थाटली आणि पैसा गावी पाठवला. १९१२ मध्ये डोंगर पोखरून पाल्मापर्यंत आलेल्या रेल्वेमागे त्याच सुबत्तेचे बळ होते. माणसे डोंगर सोडून गेली कारण डोंगर त्यांना पोसत नव्हता. त्यांच्या नातवंडांनी आपल्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा तसेच वाकावे अशी इच्छा धरणे अन्यायाचे आहे. भूदृश्य टिकवायचे असेल तर ते गरिबीशिवाय टिकवावे लागेल, म्हणजे ज्या कामाला पूर्वी रोजंदारी मिळायची त्याला आता कुशल कारागिराचा पगार द्यावा लागेल.

हे अशक्य नाही, कारण थोड्या प्रमाणात ते झालेले आहे. कोरडी भिंत रचणाऱ्या कारागिराला तिथे ‘मर्जे’ म्हणतात. १९८० च्या दशकापर्यंत या कामात मुख्यतः म्हातारी माणसे उरली होती. तेव्हा सोयेरमध्ये तरुणांना त्यांच्या हाताखाली शिकवण्याची सोय झाली आणि पुढे बेट परिषदेने मर्जेंची पथके पगारावर नेमून वाटा दुरुस्त करायला घेतल्या. २०१८ मध्ये स्पेनसह आठ देशांची कोरड्या दगडाची रचाई युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. यादीतल्या नावाने भिंत उभी राहत नाही. शिकलेल्या हाताने राहते. हे हात तयार करायला वर्षे लागतात, कारण कोणता दगड कुठे जाईल हे पुस्तकात नसते. खाजगी शेतातल्या तालींना मात्र या पथकांचा फारसा उपयोग नाही, आणि त्रामुन्तानातली बहुतांश जमीन खाजगी आहे.

इथे दुसरा, अधिक कडू वाद येतो: फाटकांचा. जहागिरींचे नवे मालक बरेचदा शहरातले किंवा परदेशातले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने कोळसेवाले आणि यात्रेकरू गेले तिच्यावर कुलूप दिसते. पोयेन्साजवळच्या तेर्नेय्येस खोऱ्यातून समुद्राकडच्या जुन्या किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेसाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या. जीआर २२१ अजूनही सलग नाही त्याचे एक मोठे कारण हेच. काही टप्प्यांवर वाटसरूला मोटारींच्या रस्त्यावर उतरावे लागते. मालकांचे म्हणणे सरसकट खोटे नाही. कुत्री मोकळी सोडणारे, फाटक उघडे टाकणारे, तालीवर चढून दगड पाडणारे येतात आणि नुकसान शेतकऱ्याच्या माथी बसते. पण नुकसानीवर उपाय नियम हा आहे, कुलूप नाही.

शेजारच्या मिनोर्काने हे करून दाखवले. बेटाला वळसा घालणारी ‘कामी दे कावाल्स’ ही किनाऱ्याच्या राखणीची जुनी घोडेवाट, सुमारे १८५ किलोमीटर, मोठ्या भागात खाजगी जमिनीतून जाणारी. २००० साली खास तिच्यासाठी कायदा झाला, मालकांशी हक्काचा वाद संपवला गेला आणि २०१० मध्ये ती सलग खुली झाली. मायोर्का आणि मिनोर्कासाठी सार्वजनिक वाटांचा व्यापक कायदा २०१८ मध्ये आला. मायोर्कात त्याची अंमलबजावणी रेंगाळते, कारण इथे जमिनीची किंमत जास्त आहे आणि ताकदवान मालकही जास्त.

आपल्याकडे हा विचार परका वाटू नये. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा झाला, आपल्या राज्यातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी त्यात आहेत. पण तो नैसर्गिक वारसा म्हणून. डोंगरउतारावर नाचणी पिकवणारा, गुरे चारणारा माणूस त्या व्याख्येत कुठेच बसत नाही, आणि मग संरक्षण म्हणजे त्याला बाहेर काढणे असा अर्थ सोपा होतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले, जिंजी धरून, सांस्कृतिक वारसा म्हणून यादीत गेले. आनंद आहेच. पण किल्ल्याला जाणाऱ्या वाटा घेऱ्यातल्या गावांनी राखल्या, पाण्याची टाकी उपसली, आणि आज त्या गावांच्या पाणंदी नकाशावर आहेत, जमिनीवर नाहीत. मायोर्काचे सगळे अनुकरण करावे असे नाही. निदान हे तरी घ्यावे की वाट हा वारसा असेल तर तिच्या देखभालीचा माणूसही त्याच यादीत धरला पाहिजे.

त्रामुन्तानापुरते बोलायचे तर पैसा नाही ही सबब टिकत नाही. बालेआरिक सरकार २०१६ पासून पाहुण्यांकडून रात्रीमागे शाश्वत पर्यटनाचा कर घेते. किनाऱ्यावरच्या मागालुफच्या बारांनी आणि हॉटेलांनी श्रीमंत झालेल्या काल्विया नगरपालिकेने गालात्सो ही डोंगरातली मोठी जहागीर विकत घेऊन लोकांना खुली केली आहे. किनाऱ्याच्या पैशाने डोंगर सांभाळता येतो याचा याहून थेट पुरावा नको. करातला ठरावीक हिस्सा तालींच्या दुरुस्तीला कायमचा बांधून द्यावा, तोही भिंत पडल्यावर नव्हे, दर हिवाळ्याला. आणि तो खाजगी जमिनीवरही खर्च व्हावा, एका अटीवर: ज्या मालकाची भिंत लोकांच्या पैशाने उभी राहील, त्याच्या जमिनीतली जुनी वाट लोकांसाठी खुली राहील, आणि हा करार जमिनीच्या कागदावर चढेल, म्हणजे जमीन विकली तरी तुटणार नाही. ऑलिव्ह छाटणाऱ्या शेतकऱ्याला हा करार फायद्याचा आहे, कारण दुरुस्तीचा खर्च त्याला झेपत नाही. केवळ समुद्र दिसावा म्हणून डोंगर घेणाऱ्याला तो आवडणार नाही. त्याच्या जमिनीवरच्या ताली त्याने बांधलेल्या नाहीत आणि तो त्या सांभाळतही नाही; म्हणून या वादात त्याचे मत सगळ्यात शेवटी विचारले तरी चालेल.